एका मिनिटानंतरचा आवाज

ही गोष्ट मी बनवलेली नाही. बनवता आली असती तर शेवट तरी बरा केला असता.

तारीख पक्की लक्षात आहे. गुरुवार, २६ एप्रिल २००७. जागा, बदलापूर पश्चिमेला बेलवली, आमच्या बिल्डिंगचा दुसरा मजला. रात्र नव्हती. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि बाहेर डोळे दिपतील असं ऊन होतं.

मला रात्रीची भीती वाटत नाही. दुपारची वाटते.

मी धर्मराज ओव्हाळ. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होतो. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात भूत, आत्मा असलं काही मानत नाहीत. मीही मानत नव्हतो. म्हणून हे विहारात कोणाला सांगता आलं नाही. इथे सांगतोय.

माझी बायको संजीवनी ६ मे २००६ ला गेली. छातीत गाठ होती. कळलं तेव्हा जानेवारी होता आणि उशीर झाला होता.

तिला शिकायची हौस होती. आदल्या वर्षी तिने एमएस-सीआयटीचा कोर्स केला होता. त्यासाठी आम्ही उल्हासनगर कॅम्प दोनमधून कॉम्प्युटर जोडून आणला. सोबत एक माईक घेतला. माईक कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही नाईटला जाता. मी भिंतीशी बोलू का?"

ती गेल्यावर महिन्याभराने आमच्या मुलीला, मैत्रेयीला, कॉम्प्युटरमध्ये एक फाईल सापडली. संजीवनीचा आवाज.

तेव्हाच्या त्या रेकॉर्डरवर एका वेळी एकच मिनिट रेकॉर्ड व्हायचं. साठ सेकंद झाले की तो आपोआप थांबायचा. तिला बहुतेक ते माहीत नव्हतं.

ते मिनिट मला आजही तोंडपाठ आहे.

"हॅलो... हॅलो. येतोय का आवाज? हां, रेघ हलतेय. मी संजीवनी ओव्हाळ बोलतेय. आज रविवार. मैत्रेयी क्लासला गेलीय, हे आंघोळीला."

मग कुकरची शिट्टी.

"अगं बाई, दुसरी झाली की तिसरी? ...अहो, तुम्हाला एक सांगायचं होतं. तोंडावर सांगायला गेले की तुम्ही जेवण सोडता. म्हणून इथे सांगते. ऐकाल तेव्हा ऐकाल. मागच्या महिन्यापासून मला..."

बस. साठ सेकंद.

फाईलवर तारीख होती सप्टेंबरची. म्हणजे डॉक्टरांनी सांगायच्या चार महिने आधीची.

मागच्या महिन्यापासून तिला काय? तिला कळलं होतं का? आणि मी आंघोळ करून आलो, जेवलो, कामावर गेलो. तिने पुढे काहीच सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तेव्हापासून मी ते मिनिट रोज ऐकत होतो.

पुढच्या मार्चमध्ये कॉम्प्युटरला व्हायरस लागला. चालू केला की अर्ध्यावर अडकायचा. मी तो रिक्षात घालून कॅम्प दोनला हिरोभाईकडे नेला. हिरो हे त्याचं खरं नाव, सिंधी माणूस, दुकान चपलेच्या खोक्याएवढं.

तो म्हणाला, "भाऊ, फॉर्मेट मारना पडेगा. सब साफ."

"अंदर बायकोचा आवाज आहे."

त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे सरकवला. म्हणाला, "तो मेरे हाथ से नहीं होगा. घर ले जाव."

कारखान्यात बाळा म्हणून माझा दोस्त होता. अंबरनाथ पश्चिमेला राहायचा, स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसायचा. तो म्हणाला, "धर्मा, तुझा कॉम्प्युटर म्हणजे जनरल वॉर्ड झालाय. मिळेल तो व्हायरस ॲडमिट." मग त्याने मला एक सीडी दिली. लिनक्सची. परदेशातून पोस्टाने फुकट आलेली.

"फुकट? मग चालत नसेल."

"चालते रे. सीडी टाक, मशीन सुरू कर. सगळं सीडीवरूनच चालतं, आतलं काही हलत नाही. तुझी फाईल दिसेल. वहिनींचा आवाज ऐक, मग बघू पुढे."

खरंच चालली. तपकिरी पडदा आला. अक्षरं एवढी मोठी की अर्धी खिडकी पडद्याबाहेर. पण डिस्क उघडली आणि फाईल दिसली. जशी होती तशी.

मी क्लिक केलं. रेघ सरकायला लागली. साठ सेकंद पूर्ण सरकली.

आवाज नाही.

बाळाने कागदावर लिहून दिलं, काय काय तपासायचं. स्पीकरची पिन बरोबर भोकात आहे का? होती. वरच्या कोपऱ्यात आवाज बंद केलाय का? नव्हता. मग काळी खिडकी उघडून त्यात आज्ञा टाइप करायच्या. तिथे तीन संध्याकाळी गेल्या. आवाज नाही.

आता मी काय केलं ते सांगतो. एवढं लिहायलाच मला इतकी वर्षं लागली.

मी फिटर माणूस. आमच्यात नियम आहे. मशीन नुसतं जमिनीवर ठेवून चालवलं तर ते थरथरतं, आवाज करतं, नीट चालत नाही. आधी फाउंडेशनला बोल्ट मारून बसवायचं, मग दोष शोधायचा. मला वाटलं, ही सिस्टीम सीडीवरून चालतेय, म्हणजे बोल्ट न मारलेलं मशीन. आवाज कसा येणार?

पडद्यावर इन्स्टॉलचं चिन्ह होतं. मी दाबलं.

त्याने विचारलं, कुठे बसवू? पहिलाच पर्याय होता, सगळी डिस्क वापरा. फाउंडेशन पक्कं हवं. मी तोच घेतला. पुढे काहीतरी इशारा आला. कारखान्यात प्रत्येक मशीनवर इशारा लिहिलेला असतो.

मी पुढे दाबलं.

रविवार होता, १५ एप्रिल. अर्ध्या तासाने मशीन पुन्हा सुरू झालं. सुंदर सुरू झालं. कुठे अडकलं नाही.

आत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाळाला सांगितलं. त्याने हातातला चहा खाली ठेवला. "अरे धर्मा... पेन ड्राइव्हवर घ्यायची ना आधी. मला विचारायचं तरी." हिरोभाईने डिस्क दोन दिवस ठेवून घेतली. शेवटी म्हणाला, "ऊपर दूसरा लिख दिया भाऊ. अब नीचे कुछ नहीं है."

त्याने पैसे घेतले नाहीत. तेव्हाच मला कळलं की संपलं.

मैत्रेयी तेव्हा कल्याणला मावशीकडे राहून कॉलेज करत होती. फोनवर म्हणाली, "पप्पा, ६ मेला आईच्या स्मृतिदिनाला वंदना झाल्यावर तो आवाज लावायचा. सगळे येणारेत. स्पीकर चालू झाले का?"

मी म्हणालो, "बघतोय. होईल."

फाईल गेली हे सांगायचं धाडस नव्हतं. म्हणून मी आवाज दुरुस्त करत राहिलो. काय ऐकायचं होतं, मलाच माहीत नाही. सायबर कॅफेतून कागद छापून आणायचे आणि एकेक आज्ञा टाकायची. पहिल्या दिवशी सिस्टीमने पासवर्ड विचारला. मी टाइप करतोय आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपकासुद्धा नाही. वाटलं कीबोर्ड मेला. बाळा हसला, "तसंच असतं. दिसत नाही, पण त्याला कळतं."

दिसत नाही, पण त्याला कळतं.

तेव्हा मीही हसलो होतो.

गुरुवारी माझी सुट्टी. आमच्याकडे तेव्हा रोज दोन ते चार लोडशेडिंग. दोनला पाच कमी असताना मी शेवटची आज्ञा टाकली. कागद संपले होते. नेहमीसारखी चूक दाखवली. आवाजाचं कार्डच सापडत नाही, असं काहीतरी.

दोन वाजले. लाईट गेली.

पडदा काळा झाला. पंखा हळूहळू थांबला. फ्रिज गप्प झाला. मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. उठून जायचं कुठे?

घशाला कोरड पडली. मी एकदा खोकलो.

मग...

स्पीकरमधून खर्र आवाज झाला. माईक हाताने सरळ करताना होतो तसा.

स्पीकरच्या बटणाचा हिरवा दिवा बंद होता. वायर बोर्डात होती, पण बोर्डात वीजच नव्हती.

"हॅलो... हॅलो. येतोय का आवाज?"

मी हललो नाही.

"हां, रेघ हलतेय. मी संजीवनी ओव्हाळ बोलतेय..."

तोच आवाज. तोच थोडा बसका, सकाळचा. मला वाटलं, फाईल वाचली. कुठेतरी कोपऱ्यात राहिली होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भीती वाटलीच नाही, खरं सांगतो.

मग मी कुकरच्या शिट्टीची वाट पाहिली.

शिट्टी आली नाही.

त्या जागी शांतता होती. आणि त्या शांततेत... कोणीतरी खोकलं.

पुरुष. एकदाच.

तो माझा खोकला होता. आत्ताचा.

मागे कावळा ओरडला. स्पीकरमध्ये ओरडला, खिडकीबाहेर नाही. बाहेरचा तर थोड्या वेळापूर्वीच ओरडून उडून गेला होता. मग खुर्ची करकरली. माझी खुर्ची. लाईट गेल्यावर मी मागे टेकलो तेव्हाची.

"अहो, तुम्हाला एक सांगायचं होतं. तोंडावर सांगायला गेले की तुम्ही जेवण सोडता. म्हणून इथे सांगते. मागच्या महिन्यापासून मला..."

मी श्वास रोखला. इथे थांबायचं. वर्षभर इथेच थांबत होतं.

थांबलं नाही.

"...इथे डावीकडे हाताला लागतंय. दुखत नाही, म्हणून गप्प बसले. तुम्ही नाईट करून येता, तुमचं तोंड बघवत नाही. अहो... ऐकताय ना? अहो..."

मला ओ द्यायची होती. मध्ये बोललो तर पुढचं ऐकू येणार नाही, म्हणून दिली नाही.

"तुम्ही माझं एक काम कराल? एकच. मैत्रेयीला नका सांगू. फक्त..."

पंखा फिरला. फ्रिज घुरघुरला. लाईट आली.

आवाज बंद.

घड्याळात पाहिलं. दोन पस्तीस. लोडशेडिंग असताना लाईट कधीच लवकर यायची नाही. त्या दिवशी आली.

लाईट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा, तसं हिरोभाईने करून दिलं होतं. मिनिटभराने पडदा आला आणि स्पीकरमधून ढोलकीवर थाप मारल्यासारखा आवाज झाला. सिस्टीमचा स्वतःचा, सुरू होतानाचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आवाज दुरुस्त झाला होता.

मी मेन स्विच खाली केला. पुन्हा गप्प खोली, बंद पंखा. बसलो. चार वाजले. पाच वाजले. काही नाही.

साडेपाचला दार वाजलं. शेजारच्या खोलीत महिन्यापूर्वीच राहायला आलेल्या बनूबाई होत्या. मुरबाडकडच्या. त्यांनी संजीवनीला कधी पाहिलंही नव्हतं.

"भाऊ, तुमच्याकडची लाईट गेली का? आमची तर आली मघाशीच." मग आत डोकावून म्हणाल्या, "पाव्हणी गेली का?"

"कोण पाहुणी?"

"दुपारी बाई बोलत होती ना. अहो, अहो करून किती हाका मारीत होती. मला आत ऐकू येई. तुम्ही ओ का देत नव्हतं?"

मी विचारलं, "किती वेळ?"

"लाईट आली तरी चाललं होतं. चांगला अर्धा तास."

लाईट आल्यानंतर अर्धा तास. मी त्याच खोलीत, स्पीकरसमोर बसलो होतो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हणत होती? बनूबाई, आठवून सांगा. काय काम सांगत होती?"

त्या घाबरल्या. पदर सारखा केला. "मला काय ठाऊक, भाऊ? सुरुवातीला कानावर आलं. मग बाई रडायला लागली. मी खिडकी लावून घेतली. नवरा-बायकोचं बोलणं दुसऱ्याने कशाला ऐकायचं?"

६ मेला सगळे आले. वंदना झाली. मैत्रेयीने विचारलं, "पप्पा, लावू?" मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या हातून पुसली गेली. ती उठली. आत जाऊन माईकची वायर गुंडाळून तिने आईच्या पर्समध्ये ठेवली. बाकीचं मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. तिला सांगू नका, एवढं तर संजीवनी म्हणाली होती. तेवढंच काम मला पूर्ण ऐकू आलं.

बाळा म्हणतो, उष्म्याने झालं, वर्षभर ऐकून ऐकून कानात बसलं होतं. असेल. पण शिट्टी कुठे गेली? आणि बनूबाईच्या कानात कोण बसलं होतं?

नंतर लोडशेडिंग बंद झालं. बनूबाई खोली सोडून गेल्या. मी रिटायर झालो. कॉम्प्युटर तिथेच आहे. तीच सिस्टीम, मी काहीही पुसलेलं नाही, काहीही बसवलेलं नाही.

रोज दोन वाजले की मी मेन स्विच खाली करतो. खुर्चीत बसतो. खोकला आला तरी दाबून धरतो. तिच्या बोलण्यात पुन्हा माझा आवाज यायला नको.

फक्त एक करतो. मधेमधे ओ देतो.

"हां, संजू. ऐकतोय. बोल."

पलीकडून काही येत नाही. पण ती बोलत नाही, असं मला म्हणता येत नाही. त्या दिवशीही मला असंच काही ऐकू येत नव्हतं.