चावी दोन्हीकडे

घरोघरी इंटरनेट बसवून देणाऱ्या त्या बाईला सगळे जोडणीताई म्हणत. लग्नं जुळवणाऱ्यांनी जोडली नसतील एवढी घरं आपण जोडली, असं ती स्वतःच हसून सांगायची. कामात मात्र चोख. राउटर भिंतीवर बसला की कंपनीने चिकटवलेला पासवर्ड आधी बदलायचा, नुसतं बटण दाबून कुणालाही जोडून घेणारी सोय बंद करायची, सुरक्षेचा सगळ्यात नवा प्रकार निवडायचा आणि मगच पाण्याचा पेला हातात घ्यायचा.

त्या गुरुवारी सकाळी अकराला ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात होती. निवृत्त बसचालक आणि त्याची बायको, दोघंच राहत होते. बायको शिवणकाम करायची. खिडकीशी मशीन, खाली चिंध्यांचा ढीग. जोडणीताई तिला समजावून सांगत होती.

"काकू, पासवर्ड हवेतून जातच नाही. फोन आणि राउटर एकमेकांना कोडं घालतात. दोघांकडे एकच चावी असली तरच ते सुटतं. बाहेरच्याने नुसतं नाव चोरून काही होत नाही."

काकूंनी मान डोलावली आणि फोन पुढे केला. जोडणीताईने सेटिंग उघडलं, तर फोन आधीच कशाला तरी जोडलेला. नेटवर्कचं नाव होतं 'पासवर्ड मागू नका'. शेजारी कुलपाचं चिन्ह आणि रेंजची एकच काडी.

"हे शेजाऱ्यांचं का?"

काका उठून गॅलरीत गेले आणि तिकडेच तोंड करून त्यांनी सगळं सांगितलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं बैठं घर होतं. चौदा महिन्यांपूर्वी गॅसचा स्फोट होऊन ते जळालं. दोघं नात्यातल्या लग्नाला गेले होते, मुलगा घरी होता. एकुलता एक, सव्वीस वर्षांचा, मुलखाचा चेष्टेखोर. नेटवर्कचं ते नाव त्यानेच ठेवलेलं. चावी त्याने कधी कुणाला सांगितली नाही, आईच्या फोनमध्ये स्वतःच्या हाताने टाकून दिली होती. राउटरचा वितळून गोळा झाला होता. तो राखेतून काकांनीच उचलला आणि भंगारात दिला.

कुणीतरी तेच नाव ठेवलं असेल, असं जोडणीताई म्हणाली खरी, पण म्हणता म्हणताच तिला ते पटेना. नाव कुणीही ठेवील. इथे कुलूप होतं आणि फोन आत गेला होता. म्हणजे चावी पलीकडेही होती.

तिने हवेतल्या नेटवर्कची माहिती दाखवणारा मीटर काढला. प्रत्येक राउटरला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. तो तिने वहीत उतरवून घेतला आणि कचेरीत जाऊन नोंदी चाळल्या. एकच नोंद जुळली. जुन्या घराचा पत्ता, आणि पुढे शेरा: आगीत नष्ट.

क्रमांकाचीही नक्कल करता येते. हे तिने स्वतःला दोनदा बजावलं.

नऊ दिवसांनी काकांचा फोन आला. ती गेली तेव्हा शिवणयंत्रावर झाकण होतं. काकू दाराजवळ स्टूल टाकून बसल्या होत्या, फोन मांडीवर. काका हळू आवाजात म्हणाले की रेंज वाढत चाललीय. आधी खिडकीशी जास्त यायची, मग जिन्यात, आता दाराशी. जिथे जास्त तिथे ही बसते. जेवत नाही, अंघोळीला उठत नाही. त्या नेटवर्कवर काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, नुसतं 'जोडलेले' एवढा शब्द येतो, तेवढाच ती वाचत बसते.

"पुसून टाका ते," काका म्हणाले.

"काका, एकदा पुसलं की चावी या जगात कुठेच उरणार नाही. पुन्हा जोडता येणार नाही."

"मी बाप आहे, ताई. मलाही वाटतं. पण तो असता तर त्याने बेल वाजवली असती."

काकूंनी फोन दिला. ओढाताण केली नाही. पडद्यावर 'हे नेटवर्क विसरा' असं आलं, तेव्हा एवढंच विचारलं,

"मी विसरले असं वाटेल का त्याला?"

"नाही हो, काकू," जोडणीताई म्हणाली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने बोट टेकवलं.

नेटवर्क गेलं नाही. यादीत तसंच राहिलं, कुलूप लावलेलं, आता चारही काड्या भरलेल्या. काकू चाव्या लावू लागल्या. जन्मतारीख, शाळेचं नाव, लहानपणीच्या सायकलचा रंग. वहीत लिहायच्या आणि खोडायच्या. जोडणीताई वाट वाकडी करून दर दोन-तीन दिवसांनी डोकावायची. तिने टेकवलेलं ते बोट तिला स्वतःलाच खुपत होतं. तिसऱ्या आठवड्यात दुसरी वही सुरू झाली होती आणि काकाच आता शब्द सुचवत होते.

सोमवारी दुपारी ती जिना चढत होती. पहिल्या मजल्यावर तिने सवयीने मीटर पाहिला आणि थांबली.

'पासवर्ड मागू नका' तिथेच होतं. कुलूप नव्हतं.

पलीकडून कुणीतरी सुरक्षा काढून टाकली होती. आता कुणालाही आत जाता येत होतं. तिने खिशातला फोन काढला, पूर्ण बंद केला, पडदा काळा झाल्याची खात्री केली आणि वर गेली.

दार उघडंच होतं. काका-काकू टेबलाशी समोरासमोर बसले होते, दोघांपुढे फोन. घर झाडलेलं, चिंध्या उचललेल्या. काकूंचे केस विंचरलेले होते. तिने हाक मारली. मग काकूंच्या खांद्याला हात लावला. खांदा ऊबदार होता, श्वास चालू होता. मान वळली नाही.

तिने दोन्ही फोन उचलले आणि बंद केले. ते लगेच पुन्हा सुरू झाले.

"असू द्या, ताई," काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "आता बरं आहे."

"काय बरं आहे, काका?"

ती दाराकडे वळली.

जिन्यात येऊन तिने मदतीसाठी फोन लावायचा म्हणून खिशात हात घातला, पण आधी मीटर पाहिला. त्यावर नेटवर्कला जोडलेल्या फोनांच्या क्रमांकांची यादी येते. पहिला क्रमांक काकूंचा. दुसरा काकांचा.

खाली तिसरा होता. तो तिला पाठ होता, तिच्याच फोनचा.

खिशातला फोन बंदच होता, पण बोटांना गरम लागला.