मितेशची हरकत

"मॅडम, जरा उठता का? तुमी विमानाच्या चाकावर बसलाय."

अस्मिता चटकन उठली. तिला जायचं होतं शेजारच्या इमारतीत. गेट चुकलं आणि ती रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या, आपल्याच विमान कंपनीच्या सुट्या भागांच्या गोदामात येऊन पडली. खुर्ची दिसेना, म्हणून समोरच्या लाकडी खोक्यावर टेकली. सांगणारा उंच, सावळा, हाताला ग्रीस... आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"चाकाला काही झालं नाही ना?"

"अख्खं विमान पेलतं ते. तुमचं काय एवढं."

हा मितेश. जासई गावचा, इंजिनिअरिंग विभागात स्पेअर पार्ट्सचा प्रमुख. अस्मिता नियोजन विभागातली, हे कळल्यावर त्याचं हसू थोडं मावळलं. कारण लहान विमानांचा प्रस्ताव तिचाच होता. कंपनीची सगळी विमानं एकाच प्रकारची, मोठी. एकशे ऐंशी सीटांच्या विमानात सत्तर माणसं बसवून छोट्या शहरांना उडायचं, म्हणजे चार पाहुण्यांसाठी लग्नाचा मांडव घालायचा, असं तिचं म्हणणं. त्यापेक्षा लहान विमानं घ्या.

मितेशला हे साफ नामंजूर. त्याच्या मते ह्या एका घरात दोन चुली झाल्या. चाकं दोन प्रकारची, मेकॅनिक दोन प्रकारचे, सगळा साठा दुप्पट. आपलं तिकीट स्वस्त का, तर घरात एकच चूल आहे म्हणून.

"म्हणजे तुम्ही माझ्या विरुद्ध बोलणार?"

"मीटिंगमध्ये बोलीन. आता चहा सांगतो."

त्या चहानंतर अस्मिता आकडे मागायला गोदामात येऊ लागली, आणि हळूहळू आकड्यांशिवायही. तो डबा उघडायचा, तांदळाची भाकरी आणि सुकट. सुकटीच्या वासानं ती नाक मुरडायची आणि भाकरीचा तुकडा मात्र हक्कानं मोडून घ्यायची. भांडण रोजचंच. त्यात 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

एकदा बालवाडीला सुट्टी होती, म्हणून ती लेकीला, जाईला घेऊन आली. जाई चार वर्षांची. तिच्या बाबतीत अस्मिता कुणावरही पटकन विश्वास टाकत नसे. ती दाराशी उभी राहून बघत राहिली. मितेशनं जाईचे गाल ओढले नाहीत, चॉकलेटही दिलं नाही. बाद झालेल्या रबरी रिंगा पुढ्यात ओतल्या आणि म्हणाला, लहानमोठ्या वेगळ्या करून दे, मला जमत नाय. जाई तासभर मान खाली घालून कामाला लागली. अस्मिताला वाटलं, आता मात्र जपायला हवं... स्वतःला.

कारण घटस्फोटाला अजून फार काळ लोटला नव्हता. नवरा वाईट नव्हता. फक्त तिचं सगळं तोच ठरवायचा, तिच्याच भल्यासाठी. नोकरीही त्यानंच सोडायला लावली होती. पुन्हा कामाला लागल्यावर हा प्रस्ताव म्हणजे तिनं स्वतःच्या पायावर उभं केलेलं पहिलं काही. मंजूर झाला तर ते काम तिच्याकडे येणार होतं. फेटाळला तर पुन्हा दुसऱ्यांची वेळापत्रकं तपासत बसायचं.

मीटिंगच्या आदल्या दुपारी तिचे साहेब, दिनानाथ सर, खुशीत येऊन म्हणाले की इंजिनिअरिंगनं हरकत मागे घेतलीय, उद्याचं झालंच समजा. तिनं हसून मान हलवली, रिक्षा केली आणि थेट गोदाम गाठलं.

"हरकत का काढलीस?"

मितेश हातातला पाना पुसत राहिला. "तुझं काम होऊ दे म्हनून..."

"चाकं एका रात्रीत सारखी झाली?"

"नाय."

"म्हणजे तुझं म्हणणं अजून तेच आहे."

"तेच हाय. पन तू एवढी झटलीस, अस्मिता. मी आडवा आलो तर हरशील. मला ते बघवनार नाय."

तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी हरेन की नाही, ते तू ठरवलंस? एक माणूस असंच माझं सगळं ठरवायचा, मितेश. फार प्रेमानं. त्यातून बाहेर यायला मला किती..." ती थांबली. "उद्या सगळं बोल. एक शब्द कमी केलास, तर मी पुन्हा इथं यायची नाही."

"आनि बोललो, अन् हरलीस तर?"

"तर हरून चहाला येईन."

त्या संध्याकाळी ऐरोलीच्या घरी जाईला वरणभात भरवताना ती त्याच्या बाजूनं विचार करत होती. तो बरोबर असेल तर? खरंच बरोबर असेल तर काय करायचं? घास हातातच राहिला. जाई आ वासून वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी मितेश बोलला, आणि काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. दिनानाथ सरांचा चेहरा पडला. सगळ्यांच्या नजरा अस्मिताकडे वळल्या.

"ते बरोबर बोलतायत," ती उठून म्हणाली. "म्हणूनच विमानं विकत घ्यायची नाहीत. दुसऱ्या कंपनीकडून वर्षभर भाड्यानं घ्यायची. पायलट त्यांचे, मेकॅनिक त्यांचे, स्पेअरही त्यांचेच. आपल्या गोदामात एक स्क्रू वाढणार नाही."

मितेशनं विचारलं, मालकानं मध्येच विमानं काढून नेली तर? ती म्हणाली, करारात बांधून घेऊ. त्यानं पुढं विचारलं, आणि वर्षानंतर? ते तिला माहीत नव्हतं. तिनं तसंच सांगितलं, वर्षानंतर आम्ही दोघं पुन्हा इथंच भांडू. खोलीत हशा पिकला. तिनं पाच शहरं मागितली होती, मिळाली दोन. पण काम तिच्याकडे आलं.

पार्किंगमध्ये खाडीवरचा वारा सुटला होता. मितेश बाईकपाशी उभा होता, उगाच आरसा पुसत.

"शेवटचा प्रश्न लागला असंल."

"लागला. आणि आवडला."

तो आरशातच बघत बोलला. "मला तू पायजेस, अस्मिता. जाईसकट."

वाऱ्यानं तोंडावर आलेले केस तिनं मागे केले. वेळ हवा होता... जरासाच. "ह्याला कुणाची हरकत?"

"माझी नाय. आईची असनार." तो आता सरळ तिच्याकडे बघत होता. "तू परगावची, घटस्फोट झालेली, पदरात पोरगी. पयल्यांदा नायच म्हनेल. भांडी आपटंल, माझ्याशी बोलायची बंद होईल. शेवंताबाई नाव तिचं, अख्खं गाव वचकून असतं."

इतकं खरं, इतकं न लपवता तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं. तिला एकदम हलकं वाटलं.

"रविवारी येते मी जासईला. जाईला घेऊन. आईंशी मीच बोलते."

"ये. तवर मी आईला जरा समजावून ठेव—"

अस्मितानं नुसतं बघितलं.

"नाय ठेवत," तो म्हणाला. आणि तिनं आपणहून त्याचा हात हातात घेतला.