कच्ची आणि पक्की

गोष्ट भरदुपारची आहे, तेव्हा घाबरू नका. मीसुद्धा आधी घाबरले नव्हते.

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर आमचं एका खोलीचं ऑफिस आहे. विहिरीतली मोटार चालू-बंद करणारा डबा आम्ही बनवतो. प्रोग्राम मी लिहिते, डबा बसवायला आमचे हे, देवानंद, जातात. त्या दिवशी अंतरवाली सराटीला सोनूबाईंच्या विहिरीवर आमचा पहिलावहिला डबा बसत होता. मी खुशीत पाव किलो जिलेबी आणली होती.

प्रोग्रामच्या दोन प्रती, म्हणजे ब्रँच, मी ठेवते. गिऱ्हाइकाला द्यायची ती पक्की, माझ्या खटपटींसाठी कच्ची. पावणेबाराला ऑफिसातूनच डब्यात प्रोग्राम पाठवला आणि जिलेबी खात सहज दोन्ही ब्रँच शेजारी लावून कंपेअर केल्या. एक ओळ लाल झाली. ‘विहिरीत माणूस असेल तर मोटार चालू करू नको.’ चाचणीसाठी ती मीच कच्चीतून काढली होती. आणि शहाणीनं पाठवली होती कच्चीच.

हे विहिरीत उतरून मोटारीच्या दांड्याला ग्रीस लावत असणार. बाराला लाईट येणार, की डबा आपोआप मोटार फिरवणार. हातातली जिलेबी टाकून मी यांना फोन लावला. लागेना. पक्की पाठवायला गेले, तर डब्यातल्या सिमला रेंज नाही...

बारा वाजले. खोलीत शेवाळाचा वास पसरला. कुठेतरी खोल पाणी ठिबकत होतं... थेंब... थेंब...

फोन वाजला.

“अगं, लाईट आली तरी मोटार बिलकुल हलली न्हाई! बराबर थांबून राह्यली! सोनूबाई आणखी पाच डबे सांगून राह्यल्या!”

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

“अहो... तुम्ही वर आलात ना?”

“आलो की. काय झालं?”

रेंज आली होती. मी डब्यातला प्रोग्राम परत ओढला आणि कच्चीशी कंपेअर केला. गाळलेली ओळ जागच्या जागी होती. तिच्याखाली आणखी एक, मी न लिहिलेली.

“खाली तुमच्यासोबत कोण होतं?”

“कोणी न्हाई. एकटाच तर उतरल्तो.”

मी पडद्यावरची ती हिरवी ओळ पुन्हा वाचली.

‘थांब. आम्ही दोघं खाली आहोत.’