शेजारणीची हरकत

ही गोष्ट भर दुपारची आहे. रात्रीची असती तर मीही हसण्यावारी नेली असती. पण ज्याच्या घरी हे घडलं तो माझा मावसभाऊ आहे, आणि त्याला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही.

आम्ही त्याला दादा म्हणतो. प्लंबर आहे.

मावशीच्या गुडघ्यांनी दावा साधला होता. वर्षभर ती जिना उतरली नव्हती. शिवणकाम करून जिने दादाला वाढवलं, ती बाई वरच्या खोलीत अडकून पडली होती. दादाला ते बघवत नव्हतं. त्याने ठरवलं, मागच्या अंगणात आईसाठी एका खोलीचं वेगळं घर बांधायचं.

नगरपालिकेत नकाशा दिला, आणि परवानगीपाशी घोडं अडलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब.

शेवटी कळलं... हरकत आली होती.

"शेजारच्या बाई स्वतः येऊन सांगून गेल्या," पालिकेचे इन्स्पेक्टर म्हणाले. "तुमच्या बांधकामाने त्यांच्या खिडकीचा उजेड अडेल."

शेजारचं घर कित्येक वर्षं बंद होतं.

आणि त्या बाजूच्या भिंतीला खिडकीच नव्हती.

इन्स्पेक्टर पाहणीला आले. भिंत कोरी होती. त्यांनी सहज बोटाने ठोकून पाहिलं.

ठक्. ठक्. मग एका जागी...

पोकळ आवाज आला.

त्यांनी बोट मागे घेतलं. आवाज चालूच राहिला.

"पाइपात पाणी असेल," इन्स्पेक्टर म्हणाले. तेही एका प्लंबरला. बंद घराचं पाणी कधीच तोडलेलं होतं, पण आईसाठी दादाने तो घोट गिळला.

"खिडकी नाही, म्हणजे हरकतही नाही," असं म्हणत त्यांनी परवानगी देऊन टाकली.

घर झालं. छान तीन खिडक्या. पहिल्याच दिवशी मावशीने स्वतः सुईत दोरा ओवला. दादाच्या जिवात जीव आला.

मग एका दुपारी तिने हाक मारली.

"अरे, आज इतक्यात कसं अंधारलं?"

बाहेर रणरणतं ऊन होतं.

दादा आत गेला. खिडक्या सताड उघड्या, तरी खोलीत तिन्हीसांजेसारखं. त्याने दिवा लावला. काही फरक पडला नाही.

तो घरामागे धावला. नवं घर आणि ती भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा होती. तिथे जमिनीवर...

उजेडाचा चौकोन पडला होता. मधे गजांच्या सावल्या.

आणि एका बाईची सावली. तिचा हात वर जात होता, खाली येत होता. टाके घालावेत तसा.

दादा परत आत धावला. "आई, चल. मी उचलून वर नेतो तुला."

"राहू दे रे," मावशी म्हणाली. "तिला आता कुठे नीट दिसायला लागलंय."

मागच्या रविवारी मी गेलो होतो. मावशीच्या अगदी समोर उभा राहिलो.

"कोण आहे?" तिने विचारलं.

बोललो तेव्हा ओळखलं. डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत. खरं सांगतो, मला तिथे पाच मिनिटंही बसवलं नाही.

दादाने आता ते घर पाडायची परवानगी मागितली आहे.

त्यावरही हरकत आली आहे.

"तुमच्या आई स्वतः येऊन सांगून गेल्या," इन्स्पेक्टर म्हणाले. "सोबत शेजारच्या बाई होत्या."

मावशी अजून दारापर्यंतही एकटी चालत नाही.