एकशे अठ्ठावीस नंबरची ड्युटी

चार्जर वरच्या खणात आहे. खालचा उघडू नकोस... उघडलास? असू दे. आता हळूच लाव, आणि ये, बस इथे दिव्यापाशी. नाहीतरी आज तुला सांगणारच होते. भाचीला सुट्टीत बोलावलं ते काही नुसतं खायला-प्यायला घालायला नाही.

हो, तो फोन चालूच असतो. पडद्यावर कॉलची वेळ पळतेय, पाहिलीस ना? दहा हजार तास कधीच उलटून गेले.

आधी भिंतीवरची ती चौकट बघ. 'उत्कृष्ट ऑपरेटर, क्रमांक एकशे अठ्ठावीस. वर्षभरात एकही तक्रार नाही.' टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली मी. तिथे आम्हाला नावं नव्हती, नंबर होते. समोर बोर्ड, बोर्डावर भोकांच्या रांगा. कॉल आला की त्या भोकावरची छोटी झडप टक् करून पडायची. वायरची पिन खोचायची, 'नंबर?' विचारायचं, जोडून द्यायचं आणि कान काढून घ्यायचा. लोकांचं बोलणं चोरून ऐकायचं नाही. आणि पुढच्या पाळीची बाई येऊन तिच्या कानाला हेडफोन लागेपर्यंत आपला काढायचा नाही. बोर्ड एक क्षणही मोकळा राहता कामा नये. माज म्हण हवं तर, पण माझ्या कामावर बोट ठेवायला एकतीस वर्षांत कोणाला जागा मिळाली नाही.

तक्रार का आली नाही, ते मात्र मी कोणाला सांगितलं नव्हतं.

सव्वीस वर्षांची होते. दुपारचे अडीच वाजले होते. समुद्रातल्या एका बोटीवरून वायरलेसमार्फत कॉल आला. नंबर दोन सात चार एक. तो त्या माणसाच्या घरचा नव्हता, शेजाऱ्यांचा होता. तेव्हा फोन असा घरोघरी कुठे? शेजारी त्याच्या बायकोला बोलवायला धावले आणि तो वाट बघत राहिला. मागे काहीतरी आपटत होतं, वारा असेल म्हटलं. बोटीवरच्या कॉलला तीन मिनिटं मिळायची, आणि शेजाऱ्याने फोन उचलला की ती सुरू. अडीच मिनिटं झाली. पावणेतीन झाली. मी घड्याळ डोळ्यांत तेल घालून बघत होते.

"वेळ संपली," मी म्हटलं.

"बाई, आली ती... जिन्यावर पावलं वाजतायत... अर्धं मिनिट..."

नियम म्हणजे नियम. मी पिन ओढली. ओढता ओढता तिचा धापा टाकणारा आवाज कानावर पडला. "हॅ..." एवढाच. उरलेला शब्द तारेतच राहिला.

दुसऱ्या दिवशी पेपरात होतं, ती बोट गेली. एकही जण परतला नाही. तक्रार करणार कोण? त्याच वर्षी मला ही चौकट मिळाली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला, आणि मी मान ताठ ठेवून उभी राहिले. आतून मात्र खात होतं गं. अजून खातं.

आता जहाजाचं. माझी ठकी, तुझी मावसबहीण, प्रवासी जहाजावर सेकंड ऑफिसर झाली तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आमच्या घरात कोणी साधी होडी वल्हवली नव्हती, आणि ही पोरगी तीन हजार माणसांचं जहाज हाकते! गेल्या वर्षी तिने मला सात दिवस सोबत नेलं. दिसेल त्याला सांगत होते मी. जेवणाच्या टेबलावरच्या अनोळखी म्हातार्‍याला सांगितलं, लिफ्टमध्ये सांगितलं, टॉवेल बदलायला येणाऱ्या पोरीला तर दोनदा. ठकी म्हणाली, "आई, आता लाउडस्पीकरवरून सांगायचं तेवढं राहिलंय."

पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं. "फोन एअरप्लेन मोडवर टाक. इथे जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं, चुकून कॉल लागला तर बिल बघून आडवी होशील."

"टाकते," म्हटलं. टाकला नाही. ज्या हाताने एकतीस वर्षं लाइन चालू ठेवली, त्या हाताला चालू लाइन बंद करवत नाही. हीच माझी चूक. चूक म्हण, खोड म्हण.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुकं आलं. असं धुकं मी पाहिलं नव्हतं. कठडा दिसे आणि त्यापलीकडे काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. जहाजाचा भोंगा दर दोन मिनिटांनी वाजायचा आणि खुर्चीतून हाडांपर्यंत पोचायचा. ठकी बारा ते चार वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत. तिथे फोन न्यायची बंदी. बाकीची मंडळी आत पत्ते कुटत बसलेली. मी एकटीच शाल पांघरून बाजूच्या डेकवर होते. माझ्या डोक्यावर एक लाइफबोट टांगलेली होती. ओल्या रंगाचा आणि डिझेलचा वास येत होता. भोंगा थांबला की इतकी शांतता व्हायची की पर्समधल्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

अडीच वाजले आणि पर्समध्ये टक् झालं.

रिंग नाही गं. माझ्या फोनला ठकीने पाखरांची किलबिल लावली होती. हे टक् होतं. झडप पडल्याचं. तो आवाज मी शंभरांत ओळखीन.

फोन काढला. नेटवर्कच्या रेघा नाहीत, नाव नाही, नंबर नाही. नुसता हिरवा गोल. फोन कानाला लावला. आणि आवाज? आवाज कापू दिला नाही. आवाज हेच तर आमचं भांडवल.

"एक्स्चेंज," मी म्हटलं.

"बाई... तिला बोलवायला गेलेत... आली का ती?"

तोच. मागे तेच आपटणं. आणि आता कळलं, तो वारा नव्हता. दारावर पाणी धडका देत होतं.

"तुम्ही... अजून..."

"मी धरूनच आहे, बाई. तुम्ही तोडलंत, मी नाही सोडलं." मग तो म्हणाला, "पाणी खोलीत आलंय. मी टेबलावर उभा आहे. घाई करा हं..."

मी खाली बघितलं. डेकच्या लाकडावर कुठेही पाणी नव्हतं, पण माझ्या चपला ओल्या झाल्या होत्या. मोजेसुद्धा. फोन समुद्रात भिरकावून द्यावा असं एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण वर माझी लेक तीन हजार माणसांसाठी धुक्यात डोळे ताणून उभी होती. आणि तिच्या आईने एका माणसाला पाठ दाखवायची, तीही दुसऱ्यांदा?

"धरा," मी म्हटलं. "जोडते."

त्याला थांबवून ठेवलं आणि दुसरा कॉल लावला. दोन सात चार एक. चार आकडे. अशा नंबरवर आता कुठे काही लागतं? पण लागलं. खरखर झाली. मग कोणीतरी तुटकपणे विचारलं, "नंबर?"

तो आवाज माझा होता.

सव्वीस वर्षांची मी. अगं, किती ताठ बोलायचे मी! समोरच्या माणसाला आपण काहीतरी गुन्हा केलाय असंच वाटावं.

"दोन सात चार एक," मी म्हटलं. "बोटीवरचा कॉल आहे."

"तो कॉल मी पाहतेय. तीन मिनिटं होत आलीत. तोडणार आहे."

"तोडायचा नाही."

"नियम आहे."

"नियम मला नको शिकवूस. तोडायचा नाही म्हणजे नाही."

तिकडे राग चढला, तो मला श्वासावरूनच कळला. माझाच श्वास ना! "जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"नंबर सांगा तुमचा."

"एकशे अठ्ठावीस."

भोंगा वाजला. संपला.

"एकशे अठ्ठावीस... मी आहे," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. आपण घाबरलो की असे बोलतो, हे मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच सांगतेय, बाळा."

"म्हणजे लाइन तुम्ही धरणार? शेवटपर्यंत?"

"मी धरणार."

"...बरं. जोडते."

खट् झालं. जिन्यावर पावलं वाजली, धावत आलेली, आणि धापा टाकत एक बाई म्हणाली, "हॅलो?" अख्खं म्हणाली. मी दोन्ही कॉल जोडले आणि फोन कानापासून दूर केला. काय बोलले ते, मी ऐकलं नाही. एवढी मोठी गोष्ट कानाशी आली असताना मी कान काढून घेतला. या चौकटीपेक्षा मला त्याचा जास्त अभिमान आहे.

चारला ठकी खाली आली. धुकं विरलं होतं.

"आई, कोणाशी बोलतेयस?"

"बोलत नाहीये. ड्युटीवर आहे."

तिने फोन घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "आई, जहाजाचं नेटवर्क बाराला बंद केलंय. दुरुस्ती चाललीय. अख्ख्या जहाजावर कोणाचाही फोन लागत नाहीये." तिने लाल बटण दाबलं. बंद करायचं दाबलं. मग सिम काढलं. वेळ पळतच होती. शेवटी तिने फोन माझ्या हातात दिला. हुशार आहे पोरगी, पुढे काही विचारलं नाही.

तेव्हापासून हे असं आहे. दिवसातून दोनतीनदा टक् होतं. फोन कानाला लावायचा. तो विचारतो, "बाई, आहात ना लाइनीवर?" आपण म्हणायचं, "आहे." बस. पुढे ऐकायचं नाही.

एकदाच उशीर झाला. अंघोळीला गेले होते, पहिलं टक् कळलं नाही, दुसरं ऐकू आलं. धावत आले तर खणाचं लाकूड ओलं होतं. बघ, तो पांढरा थर अजून गेलेला नाही. मीठ आहे ते. आणि संध्याकाळी ठकीचा दुसऱ्या फोनवर फोन. "आई, गंमतच झाली. माझ्या केबिनमध्ये घोट्याएवढं पाणी. ना नळ फुटलाय, ना पाइप. सगळे शोधून दमले." ती हसत होती. मी या खणापाशी येऊन बसले.

म्हणून मी घराबाहेर जात नाही. लोक म्हणतात, म्हातारी घुमी झाली. म्हणू देत. माझी लेक समुद्रावर आहे आणि बोर्ड मी मोकळा ठेवलेला नाही.

पण उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. भूल देणार आहेत. आणि तिथे फोन आत नेऊ देत नाहीत, मी विचारून पाहिलं. चार तास म्हणतात. डॉक्टरांचे चार तास, म्हणजे सहा धर.

आता कळलं ना, तुला का बोलावलं?

अवघड काही नाही. एकच शब्द आहे. तुझा आवाजही छान आहे, लहानपणापासून सांगतेय मी. फक्त तो कापू द्यायचा नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. तुला फोन केला मी आज सकाळी, हो ना? त्याआधी हे कोणाजवळ बोलले नव्हते. ठकीजवळसुद्धा नाही. पण काल संध्याकाळी 'आहे' म्हटल्यावर त्याने लाइन सोडली नाही. पहिल्यांदाच तो पुढे बोलला. म्हणाला, "उद्यापासून भाची बसणार ना, बाई? तिला सांगा, चपला काढून बसू नकोस. गार लागेल."

ऐकलंस? टक् झालं.

नाही, मी नाही उचलणार. तुझ्या कानाला लागल्याशिवाय मला माझा काढता येत नाही. घे. ताठ बस.

बोल.