शेवटपर्यंत पाहिलं आहे

दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मी संस्थेच्या फळ्यावर एक कागद लावते. फोटोग्राफी शिकणाऱ्यांच्या कामाच्या वेबसाइट आणि व्हिडिओ, प्रत्येकापुढे माझा एका ओळीचा शेरा. नऊ वर्षं हे चाललंय. लोकांना वाटतं, इंटरनेटवर काय, हवं ते मिळतं. मिळतं ना! पण ते खड्यांतून तांदूळ निवडण्यासारखं काम आहे. ‘दहा युक्त्या’ सांगणारे, कॅमेरा विकायला बसलेले, स्वतःचा चेहरा दाखवायला आसुसलेले, आणि पहिली सहा मिनिटं ‘आज आपण काय शिकणार आहोत’ हेच सांगणारे. आठवड्याला चाळीसेक बघावेत तेव्हा दोन-तीन हाताला लागतात.

माझा एकच नियम. तो कागदाच्या तळाशी छापलेलाच असतो: ‘यादीतली प्रत्येक गोष्ट मी शेवटपर्यंत पाहिली आहे.’ विद्यार्थी माझ्या मागे माझी नक्कल करतात, ‘शेवटपर्यंत मॅडम’ म्हणतात, पण यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

त्यांच्याहून जास्त विश्वास ठेवायचा माझा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा, तरी घरात त्याचं नाव बारक्याच राहिलं. बायको गेल्यावर तो वर्षभर खोलीबाहेर पडला नाही. कामावर जायचा नाही, फोन उचलायचा नाही. मी माझा जुना कॅमेरा त्याच्या पुढ्यात टाकला आणि दर शुक्रवारी यादी पाठवायला लागले. आधी त्याने नळाचे, जिन्याचे फोटो काढले. मग खाली उतरून रस्त्यावरचे. गेल्या दोन महिन्यांत तो पुन्हा कामावर जायला लागला होता. त्या यादीने माझा भाऊ मला परत दिला होता, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

स्वतःचा फोटो काढून घेताना मात्र तो लाकडाचा ओंडका. लग्नाच्या अल्बममध्येही जप्ती आल्यासारखा उभा आहे. कॅमेऱ्यामागे मी असले आणि “बारक्या, नाकावर माशी!” म्हटलं, तरच त्याच्या ओठाची डावी कड वर जाते. लहानपणापासूनचं आहे ते.

ती वेबसाइट मला एका गुरुवारी दुपारी सापडली. शोधाच्या अकराव्या पानावर. तिला नाव नव्हतं, जाहिरात नव्हती, काही विकायचं नव्हतं. राखाडी पानावर एक व्हिडिओ आणि खाली एक्केचाळीस माणसांचे फोटो. सगळे खांद्यापासून वर, खिडकीच्या उजेडात. मी खुर्ची पुढे ओढली. इतकं सच्चं काम मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी वर्गात पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवते. कुठल्याही चांगल्या फोटोतला डोळा मोठा करून पाहा. बुबुळावर उजेडाचा ठिपका असतो; त्यात खिडकी कुठे होती, कॅमेरा कुठे होता, फोटो काढणारा कुठे उभा होता, सगळं दिसतं. सवयीने मी डोळे मोठे करत गेले. प्रत्येकात तीच खिडकी. चार तावदानं, खालच्या उजव्या तावदानाला कागद चिकटवलेला. कॅमेऱ्याशेजारी मात्र दर वेळी वेगळं माणूस. कुठे टक्कल असलेला पुरुष, कुठे कडेवर मूल घेतलेली बाई, कुठे काठी टेकून उभे असलेले आजोबा. शिकणारे लोक आळीपाळीने एकमेकांचे फोटो काढत असणार, असं मी ठरवून टाकलं.

फोटोंखाली एकेक ओळ होती. मला वाटलं, उजेडाबद्दल काही सांगितलं असेल. तसं नव्हतं. ‘खात्रीची जागा आहे, जाऊन ये.’ ‘मी सांगतोय ना, काही होत नाही.’ ‘माझ्या ओळखीतलेच आहेत ते.’ शिकून गेलेल्यांचे अभिप्राय असतील, असं मनाशी म्हणून मी पुढे गेले. जरा चमत्कारिक वाटलं, नाही असं नाही.

व्हिडिओ अडतीस मिनिटांचा. माणूस दिसत नाही, फक्त हात आणि शांत आवाज. एक रिकामी लाकडी खुर्ची, तीच खिडकी. तो खुर्ची वीतभर सरकवतो आणि वाट पाहतो. पांढरा कापडी पडदा अर्धा ओढतो आणि वाट पाहतो. “बसणारा येईलच,” तो म्हणतो, “तोवर आपण जागा तयार ठेवू.” मी वहीत दोन पानं टिपणं काढली. मला हेवा वाटत होता.

शुक्रवारी मी तो पहिल्यापासून पुन्हा लावला, कारण आदल्या दिवशी अर्ध्यावर राहिला होता. सव्विसाव्या मिनिटाला प्राचार्यांनी परीक्षेच्या वेळापत्रकासाठी बोलावणं पाठवलं. परत आले तेव्हा पाचाला सात कमी होते. उरलेल्या बारा मिनिटांत असून असून काय असणार? मी शेरा लिहिला: ‘वर्षातलं सर्वोत्तम. घाई न करता पाहा.’ कागद छापला, फळ्यावर लावला, बारक्याला पाठवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी नियम मोडला, आणि घरी जाऊन झोपलेसुद्धा छान.

रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन आला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

“ताई, तो खिडकीचा व्हिडिओ पाहिला. काय माणूस आहे गं!”

“आहे ना? मी म्हटलंच होतं.”

“शेवटी पत्ता सांगतो तो. या म्हणतो, बसायला. मला वाटतं जावं.”

माझ्या हातात चिमटे होते. मी म्हटलं, “तू? फोटो काढून घ्यायला? सूर्य कुठे उगवलाय आज?”

तो हसला.

“एकदा नीट फोटो असावा असं वाटतं. तिच्या फोटोशेजारी लावायला. पण अनोळखी जागा आहे, म्हणून म्हटलं तुला विचारावं. तू पाहिलायस ना शेवटपर्यंत?”

आता कुणाला वाटेल, खरं सांगायला काय झालं होतं? पण ते पोर इतक्या दिवसांनी आपणहून कुठे जायचं म्हणत होतं. आणि दुसरं, मला माझी लाज वाटली. जिला विद्यार्थी ‘शेवटपर्यंत मॅडम’ म्हणतात, तिने बारा मिनिटांसाठी खोटेपणा केला हे धाकट्या भावाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

“हो रे, पाहिलाय शेवटपर्यंत,” मी म्हटलं. “बिनधास्त जा.”

“मग झालं तर,” तो म्हणाला. “तू म्हणतेस म्हणजे प्रश्नच नाही.”

सोमवारी त्याचा फोन लागला नाही. दुपारी त्याच्या कामावरून मला फोन आला, की तो आलेला नाही. जुने दिवस परत आले असं वाटून मी तशीच त्याच्या घरी गेले. कुलूप होतं. माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. आत सगळं जागच्या जागी, अंथरूण घडी घातलेलं. खुर्ची तेवढी खिडकीशी ओढून ठेवलेली होती, उजेडाकडे तोंड करून.

शेजारच्या काकू दारात आल्या.

“काल बाराच्या सुमाराला गेला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी विचारलं, एवढा नटून कुठे? तर म्हणतो, ताईने पाठवलंय.”

“कुठे जातो ते बोलला?”

“नाही बाई. पण खुशीत होता.”

पोलीस चौकीत त्यांनी वय विचारलं, आणि मोठा माणूस आहे, येईल म्हणाले. पत्ता विचारला. पत्ता व्हिडिओत आहे, असं मी सांगितलं. तिथल्याच कॉम्प्युटरवर आम्ही व्हिडिओ लावला आणि शेवटची बारा मिनिटं पाहिली, मी आणि एक जमादार.

खुर्ची. खिडकी. पडद्याची हललेली कड. सदतिसाव्या मिनिटाला आवाज म्हणाला, “आता थोडं थांबू.” मग काहीच नाही. अडतीस मिनिटं संपली.

“यात पत्ता कुठाय, मॅडम?” जमादाराने विचारलं.

मी तो चार वेळा पाहिला. वर्गातल्या ज्या पाच जणांनी यादीवरून पाहिला होता, त्यांना एकेक करून फोन केला. शेवटी काय आहे? पाचही जण म्हणाले, काही नाही, रिकामी खुर्ची. त्यांच्यापैकी कुणीच मला काही विचारलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी संस्थेत जाऊन फळ्यावरचा कागद काढला. मग माझ्या टेबलाशी बसून ते राखाडी पान उघडलं. का उघडलं, सांगता येणार नाही.

फोटो बेचाळीस होते.

शेवटचा त्याचा होता. इस्त्रीचा शर्ट, डावीकडून उजेड. अप्रतिम फोटो.

तो हसत होता. ओठाची डावी कड वर गेलेली.

तो असा कुणासमोर हसतो, हे जगात मला एकटीलाच माहीत आहे.

मी फोटोतला डोळा मोठा केला.

चार तावदानं. कागद चिकटवलेलं खालचं उजवं. कॅमेरा. त्याच्या शेजारी एक बाई, खांद्याला गॅलरीत कपडे वाळत घालताना मी अडकवते तशी चिमट्यांची पिशवी. तोंड उघडं. काहीतरी म्हणताना.

मी अजून मोठा केला. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले, तरी ओळखू येत होता. आरशात रोज पाहते तो.

मग मी पान हळूच खाली सरकवलं. फोटोखाली, इतरांच्या होती तशी, एक ओळ होती. मी ती कुठेही लिहिलेली नव्हती. फक्त एकदा, फोनवर, एका माणसाला बोलले होते.

‘हो रे, पाहिलाय शेवटपर्यंत. बिनधास्त जा.’