साडेचारशे वॅटचा संगणक

सगळ्यात वेगवान सुटे भाग एकत्र जोडले, तर सगळ्यात वेगवान संगणक तयार होतो का?

हा प्रश्न सातवीतल्या शलाका खोतला कुणी विचारला असता, तर तिने त्याच्याकडे जरा कीव आल्यासारखंच पाहिलं असतं. यात विचारायचं काय? पण प्रश्न विचारणारं कुणी भेटलं नाही, आणि म्हणून तिची फजिती व्हायची ती झालीच.

चंद्रावर माणसांचा पहिला कायमचा मुक्काम पडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तिथे माती वाहणाऱ्या गाड्या पृथ्वीवरून चालवल्या जात. त्यासाठी तरबेज हात हवेत म्हणून दर दसऱ्याला कोल्हापुरात शाळांची ‘चांद्रसारथी’ स्पर्धा भरे. प्रत्येक शाळेची दोन मुलं. एकाने संगणक जोडायचा, दुसऱ्याने त्यावर चाळीस मिनिटांचा गाडी चालवण्याचा खेळ खेळायचा. जिंकणाऱ्याला चंद्रावरची खरी गाडी तासभर चालवायला मिळणार होती.

शलाकाच्या शाळेची सारथी होती तिची मैत्रीण नौशीन मुजावर. नौशीनचा हात म्हणजे नवल होतं. शाळेच्या रडतखडत चालणाऱ्या जुन्या संगणकावर ती वर्षभर सराव करत होती. चित्र मध्येच अडकलं तरी गाडी कुठे असेल हे तिला बरोबर कळे, आणि चित्र पुन्हा हललं की गाडी तिथेच असे. शलाका ते बघत राही आणि तिला वाटे, हिला एकदा तरी धड यंत्र मिळायला हवं.

“यंत्र तुझं, गाडी माझी,” नौशीन म्हणाली होती. “तू जोडलंयस म्हटल्यावर मला काळजीच नाही.”

त्या दिवसापासून काळजी शलाकाला लागली. नौशीन हरली तर एक वेळ हरू दे, पण माझ्या यंत्रामुळे नको, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

सुटे भाग जिल्ह्याच्या यंत्रालयातून मिळत. पुस्तकं न्यावीत तसे भाग न्यायचे, वापरायचे, परत करायचे. शलाका यादी करायला बसली ती आबांच्या गुऱ्हाळावर. तिचे आजोबा, डॉ. आनंदराव खोत, चाळीस वर्षं उष्णतेचे शास्त्रज्ञ होते. अग्निबाणांची इंजिनं थंड कशी ठेवायची यावर त्यांनी आयुष्य घालवलं आणि निवृत्त झाल्यावर पंचगंगेकाठच्या आपल्या गावी येऊन गूळ करू लागले. लोक हसले. आबा म्हणाले, विस्तवाचंच काम आहे, फक्त आता शेवटी खायला मिळतं.

गुऱ्हाळावर दामू होता. दामू हा यंत्रमानव. उकळता रस ढवळणं हे त्याचं काम. त्याला यंत्रालयाची सगळी यादी पाठ होती, पण एक खोड होती. विचारलं तेवढंच सांगायचा.

“दामू, सगळ्यात ताकदवान ग्राफिक्स कार्ड कोणतं?” शलाकाने विचारलं. ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं रंगवणारा भाग) हाच खेळाचा खरा पहिलवान, असं तिने ऐकलं होतं.

दामूने नाव सांगितलं. मग तिने सगळ्यात वेगवान प्रोसेसर (सगळी आकडेमोड करणारा मुख्य भाग) विचारला. मग स्मृतिपट्ट्या (चालू कामाची माहिती हाताशी ठेवणारा भाग). दामू सांगत गेला, शलाका लिहीत गेली.

“झाली यादी,” ती खुशीत म्हणाली. “आता हे सगळं मिळून किती वीज खाईल?”

“सातशे ऐंशी वॅट.”

शलाकाची पेन्सिल थांबली. स्पर्धेचा पहिलाच नियम असा होता की सभागृह छतावरच्या सौरविजेवर चालतं, म्हणून प्रत्येक टेबलाला साडेचारशे वॅट (वॅट म्हणजे वीज किती वेगाने खर्च होते त्याचं माप). त्याच्या वर गेलं की टेबलाचा खटका पडणार आणि खेळ संपणार.

“आधी का नाही सांगितलंस?”

“आधी तू विचारलं नव्हतंस,” दामू म्हणाला.

मग शलाकाने कात्री लावली. पहिलवान ठेवायचा म्हणून तिने तीनशे वॅटचं कार्ड घेतलं आणि प्रोसेसर अगदी किरकोळ, चाळीस वॅटचा. बाकीचं चाळीस. झाले तीनशे ऐंशी. भिंतीतली वीज संगणकाला सोसेल अशी करून देणारा वीजपुरवठ्याचा डबा स्वतःही थोडी वीज खातो, तो धरून चारशे बावीस. बसलं गणित. तिने संगणक जोडला, खेळ लावला, आणि चंद्राचं मोकळं मैदान पडद्यावर असं उमटलं की नौशीन बघतच राहिली.

पुढे एका वळणावर शंभर गाड्या एकदम समोर आल्या आणि चित्र अडखळलं. पडद्यावरची हालचाल खरी नसते. सेकंदाला साठ स्थिर चित्रं भराभर दाखवली की डोळ्याला ती हलल्यासारखी वाटतात. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. नियम होता की साठपेक्षा कमी फ्रेम दहा सेकंद जरी राहिल्या, तरी संघ बाद. शलाकाच्या संगणकावर आकडा पस्तीसला आला होता.

नौशीन सवयीने पुन्हा अंदाजाने गाडी चालवू लागली. शलाकाला ते फार लागलं.

“कार्ड कमी पडतंय आबा,” ती गुऱ्हाळावर जाऊन म्हणाली. “अजून मोठं आणायला पाहिजे.”

आबांनी ऊस पिळणाऱ्या चरकाचा वेग दामूला निम्म्यावर आणायला सांगितला. रसाची धार बारीक झाली. समोर भली थोरली काहील पसरली होती. रस उकळायची ही कढई इतकी मोठी की तीत शलाका आडवी झोपली असती. तीत आता तळाशी चार बोटं रस होता.

“गूळ कमी पडणार आज,” आबा म्हणाले. “काय करूया? अजून मोठी काहील आणूया?”

शलाका हसली. “काहील मोठी आणून काय होणार? रसच येत नाही तर.”

“मग तुझ्या संगणकाच्या डब्यात चरक कोण आणि काहील कोण, सांग बघू.”

शलाका उभ्या उभ्या विचार करू लागली. आबांनी घाई केली नाही. शास्त्रज्ञ म्हणून ते मोठे होतेच, पण पोरीला वाटे की त्यांचा खरा मोठेपणा या गप्प बसण्यात आहे.

“कोणती गाडी कुठं आहे, कोण कुणाला धडकलं, धूळ कुठं उडाली, हे सगळं प्रोसेसर ठरवतो,” ती सावकाश म्हणाली. “त्याचं ठरलं की कार्ड चित्र रंगवतं. म्हणजे प्रोसेसर चरक. शंभर गाड्या आल्या की त्याचंच काम वाढतं. आणि कार्ड...”

“कार्ड किती काम करत होतं? आकडा बघितलास?”

तिने पाहिला नव्हता. ती धावत जाऊन पाहून आली. शंभर गाड्यांच्या वेळी प्रोसेसर पूर्ण कामात होता आणि तिचा पहिलवान ताकदीच्या चाळीस टक्केच काम करत होता. उरलेला वेळ हातावर हात ठेवून बसला होता.

“यालाच अडसर म्हणायचं,” आबा म्हणाले. “साखळीनं काम चालतं तिथं सगळ्यात सावकाश जो, त्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग. मोठं काय, हे विचारू नको. अडतंय कुठं, ते विचार.”

तेवढ्यात चुलवाण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, धूर ओकू लागलं. शलाकाला वाटलं आबा आता जळण वाढवतील. त्यांनी आगीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खाली वाकले, हवा आत जायच्या भोकासमोर साचलेली उसाची चिपाडं त्यांनी काठीने ओढून काढली, आणि धूर थांबला.

“आग बिघडली की मी आधी हवेचं तोंड बघतो,” ते म्हणाले. “तुझ्या डब्याचंही तसंच हाय. तिथं हवा आग पेटवायला लागत नाही, उष्णता वाहून न्यायला लागते. चारशे वॅट आत गेले की चारशे वॅटची उष्णता होणार. ती बाहेर कोण काढणार?”

शलाकाने समोर काच आणि आत रंगीत दिवे असलेली पेटी आणली होती. ती तिने मुकाट्याने परत केली आणि पुढे जाळी असलेली साधी पेटी घेतली. जाळीतून पंखे गार हवा आत ओढणार, मागून गरम हवा बाहेर जाणार. कार्ड तिने दोनशे वीस वॅटचं घेतलं, प्रोसेसर पंच्याण्णवचा. प्रोसेसर बदलला म्हणून मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी) बदलावा लागला, कारण या प्रोसेसरची बैठक वेगळी होती. स्मृतिपट्टी एक मोठी घेण्याऐवजी तिने दोन जोडीच्या घेतल्या, म्हणजे माहितीला ये-जा करायला दोन रस्ते. सगळं मिळून भिंतीपाशी चारशे वॅट. पन्नास हाताशी राखून.

एकाही भागाचं नाव यादीत पहिलं नव्हतं. तरी शंभर गाड्या समोर आल्या तेव्हा आकडा बहात्तरच्या खाली उतरला नाही. चित्र अडलं नाही तसं नौशीनने आपलं अंदाजाने चालवणं सोडून दिलं आणि गाडी जी काही वळवली, ती पाहून दामूनेसुद्धा कुणी न विचारता “छान” असं म्हटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघर हत्यारांची, अवजारांची पूजा होते. आबांच्या पाटावर कोयता होता, नट आवळायचे पाने होते, दामूचा ढवळायचा हात होता आणि मधोमध शलाकाचा संगणक. नौशीनने आपली गाडी चालवायची मूठही आणून शेजारी ठेवली. “माझं हत्यार हेच,” ती म्हणाली.

आबांनी सकाळपासून बसून झेंडूचा जाडजूड हार ओवला होता. तो त्यांनी संगणकाला समोरून तीन पदरी घातला आणि हात जोडले. नातीने स्वतः जोडलेलं पहिलं यंत्र. त्यांचे डोळे भरून आले होते.

“उद्या असाच न्यायचा,” ते म्हणाले. “हार काढायचा नाही. मान हाय तो यंत्राचा.”

दुसऱ्या दिवशी सभागृहात तेहेतीस टेबलं होती. स्पर्धेआधी अर्धा तास सरावाचा. प्रेक्षकांनी बोलायचं नाही असा नियम होता. आबा तिसऱ्या रांगेत फेटा बांधून बसले होते.

नौशीनने सरावाचा खेळ सुरू केला. सुरुवातीला फ्रेम बहात्तर. बाराव्या मिनिटाला चौसष्ट. चौदाव्याला बेचाळीस.

“शलाका,” नौशीन हळूच म्हणाली, “अडतंय गं.”

कार्ड कमी पडतंय? प्रोसेसर कमी पडतोय? पण मोठं काय हे विचारायचं नव्हतं. अडतंय कुठं? तिने आकडे उघडले. दोघेही कामात होते, पण दोघांचाही वेग निम्म्यावर आला होता. चरकही हळू आणि काहीलही हळू. असं कसं होईल? कालपर्यंत याच भागांनी दोन दोन तास काम केलं होतं.

मग तिची नजर तापमानावर गेली. काल अडुसष्ट अंश होतं, आज शहाण्णव. आणि तिला कोडं उलगडलं. भाग जळू नयेत म्हणून फार तापले की ते आपणहून वेग कमी करतात. यंत्र बिघडलं नव्हतं, स्वतःला वाचवत होतं. उष्णता बाहेर पडत नव्हती.

आगीकडे बघायचं नाही. हवेचं तोंड बघायचं.

ती संगणकासमोर वाकली. जाळी दिसतच नव्हती. तिथे होते टपोरे, ताजे, एकमेकांना खेटून बसलेले झेंडू, आणि पंख्याच्या ओढीने त्यांच्या पाकळ्या जाळीला घट्ट चिकटल्या होत्या.

हार काढायचा नाही, असं आबा म्हणाले होते. शलाकाने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आबा कपाळाला हात लावून बसले होते. त्यांनाही त्याच क्षणी कळलं होतं. तिने हार अलगद काढला, नमस्कार करून टेबलावर ठेवला आणि पाकळ्या वेचून जाळी साफ केली. शहाण्णव, नव्वद, ऐंशी. एकाहत्तर अंशांवर आकडा स्थिरावला आणि फ्रेम पुन्हा बहात्तर झाल्या.

त्यानंतरच्या, खऱ्या स्पर्धेच्या चाळीस मिनिटांबद्दल काय सांगावं? नौशीनने गाडी चालवली असं म्हणणं अपुरं आहे. खड्ड्याच्या कडेवरून, सावलीतून, शंभर गाड्यांच्या गर्दीतून तिने ती अशी नेली की शेजारच्या टेबलावरची मुलं आपला खेळ विसरून पाहू लागली. शलाका मात्र पडदा पाहतच नव्हती. ती आकडे पाहत होती, आणि तिला प्रथमच कळलं की आपण घडवलेल्या वस्तूवर दुसऱ्याचं कसब असं फुलताना बघणं हासुद्धा एक मोठा आनंद असतो. आकडा एकदाही साठाखाली गेला नाही. नौशीन पहिली आली.

आबा टेबलापाशी आले ते ओशाळून. “चाळीस वर्षं लोकांना उष्णता शिकवली,” ते म्हणाले, “आणि माझ्याच हातानं हवेच्या तोंडाला हार घातला.”

“तुम्हीच शिकवलं होतंत म्हणून तर सापडलं,” शलाका म्हणाली. मग ती थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं. “आबा, नौशीन चंद्रावरची गाडी चालवणार. पण तिथं तर हवाच नाही. मग ती गाडी आपली उष्णता टाकते कुठं?”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, त्यांच्या आयुष्याचं कामच ते होतं. पण लगेच सांगून टाकणारे ते आबा कसले?

“घरी जाताना विचार करू,” ते म्हणाले. “हवेशिवाय सूर्याची ऊब आपल्यापर्यंत कशी येते, तिथनं सुरुवात कर.”

मग त्यांनी टेबलावरचा हार उचलला आणि सवयीने संगणकाकडे वळले. हात मध्येच थांबला. हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते ते त्यांनी नीट निरखून पाहिलं, आणि हार शलाकाच्या गळ्यात घातला.